इकडील सर्व क्षेम

माझे आजोबा पोस्टकार्ड लिहीत तेव्हा पहिली ओळ ठरलेली असे. इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवीत जावे. त्यानंतर ‘वि. वि.’, म्हणजे विनंती विशेष, आणि मग खरा मजकूर. काकूचा ताप अजून उतरलेला नाही, धानावर तुडतुडा पडला आहे, थोरलीचे जमता जमता मोडले. क्षेम ही प्रस्तावना असे; पत्र पुढेच असे. अशुभ वार्ता असली तर कार्डाचा कोपरा फाडलेला असे आणि वाचून झाल्यावर ते कार्ड घरात ठेवीत नसत. त्या वीतभर कागदावर घरातले सुख आणि दुःख दोन्ही मावत असे, आणि पोस्टमनपासून शेजाऱ्यांपर्यंत कोणीही ते वाचू शकत असे. त्याची कोणाला लाज वाटत नसे.

हे आठवण्याचे कारण असे की, गेली काही वर्षे मी वर्गमित्रांच्या स्नेहसंमेलनांना जाते, त्यांनी कळविलेल्या बातम्या वाचते, आणि आपल्या या स्मरणिकेतील कुटुंबवार्तेचे व गुणवंत पाल्यांचे पानही दरवर्षी आवडीने वाचते. या सर्व ठिकाणी पत्र पहिल्या ओळीवरच संपते, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. ‘वि. वि.’ येतच नाही. आपण डॉक्टर मंडळी एकमेकांना आपले जे वर्तमान सांगतो ते अपुरे असते; आणि ते अपुरेपण कधी कधी जिवावर बेतते, हे मला येथे मांडावयाचे आहे.

बालाघाटच्या मराठी डॉक्टराला ‘वर्गमित्र’ या शब्दाभोवती थोडा इतिहासही चिकटलेला आहे. १९५६ सालापर्यंत आपला जिल्हा आणि नागपूर एकाच प्रांतात होते आणि नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. साहजिकच जुन्या पिढीचा ओढा नागपूरकडे असे. आधी रॉबर्टसन मेडिकल स्कूलकडे आणि पुढे १९४७ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो, आणि आमच्या पिढीची वाट जबलपूरकडे वळली. १९८८ साली मी एम.बी.बी.एस.ला प्रवेश घेतला तेव्हा बालाघाटहून नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी अडीच फुटी गाडी होती. ट्रंक, वळकटी आणि आईने दिलेला चिवड्याचा डबा घेऊन आम्ही त्या गाडीत बसत असू. ती छोटी गाडी २०१५ साली बंद झाली आणि काही वर्षांनी त्याच वाटेवर मोठी लाइन आली. आता प्रवासाला वेळ कमी लागतो, पण डब्यात कोणी कोणाचा डबा उघडत नाही. असो.

वर्गात मराठी बोलणारे आम्ही मोजके. बालाघाट, शिवनी, छिंदवाडा, पांढुर्णा या पट्ट्यातले आणि जबलपूरच्या जुन्या मराठी घरांतले. मेसमध्ये हिंदी, वसतिगृहाच्या गच्चीवर मराठी. साडेपाच वर्षे ज्यांच्याबरोबर शवविच्छेदनाच्या एका टेबलाशी उभे राहिलो, ज्यांच्या वह्या उतरवून परीक्षा दिल्या, ज्यांना पहिल्यांदा रुग्ण दगावला तेव्हा जिन्यात बसून रडताना पाहिले, त्यांना आपण ओळखतो अशी माझी पक्की समजूत होती.

जानेवारी २०१९ मध्ये आमच्या तुकडीचे रौप्यमहोत्सवी संमेलन जबलपूरला झाले. आयोजन उत्तम होते; त्याबद्दल तक्रार नाही. पहिल्या सायंकाळी परिचयाचा कार्यक्रम ठेवला होता. प्रत्येकाने मंचावर यावे आणि दोन मिनिटांत आपला व्यवसाय व कुटुंब यांची माहिती द्यावी. पंचवीस वर्षे आणि दोन मिनिटे! सूत्रसंचालकाच्या हातात घंटी होती. मी सुमारे ऐंशी परिचय ऐकले आणि ते सगळे एकाच साच्यातून काढल्यासारखे होते. रुग्णालयातील खाटांची संख्या, पत्नीची किंवा पतीची पदवी, मोठा मुलगा अमुक देशात, धाकटी अमुक महाविद्यालयात, आणि शेवटी ‘ईश्वरकृपेने सर्व छान चालले आहे’. ऐंशी कुटुंबांत पंचवीस वर्षांत एकही मूल नापास झाले नाही, एकही लग्न मोडले नाही, कोणालाही मधुमेहाखेरीज काही झाले नाही. बालरोगतज्ज्ञ म्हणून मला असा आकडा कोणी संशोधनात दाखविला असता तर मी तो निबंध परत पाठविला असता.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट जाणवली. आम्ही मुली वर्गात थोड्याच होतो. त्यांतील सात जणींचा पत्ता आयोजकांना लागलाच नाही, कारण त्यांची नावे आणि आडनावे लग्नानंतर बदललेली होती आणि जुन्या नावाने त्यांना ओळखणारे कोणी उरले नव्हते. ज्या आल्या होत्या त्यांतील काहींचा परिचय त्यांच्या पतिराजांच्या रुग्णालयाच्या परिचयातच उरकला गेला. एक जण एम.डी. सोडून घरी बसलेली होती. ती मंचावर गेलीच नाही, तिने चहाच्या वेळी मला सांगितले, “मी काय सांगणार? माझ्याकडे बातमीच नाही.” तिने अकरा वर्षे अंथरुणावर असलेल्या सासूबाईंची शुश्रूषा केली होती. एकही शय्याव्रण होऊ न देता! आम्हां सगळ्यांच्या अतिदक्षता विभागांना जमणार नाही असे ते काम होते, पण ते सांगण्यासाठी परिचयाच्या साच्यात रकानाच नव्हता.

वर्गभगिनींच्या हरवण्याचा हा प्रकार नवा नाही. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे फिलाडेल्फियातील एक छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. ऑक्टोबर १८८५ मधले ते आहे. नऊवारीतल्या आनंदीबाई, शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली. वुमन्स मेडिकल कॉलेजच्या तीन विद्यार्थिनी, तिघीही आपापल्या देशी वेशात. आनंदीबाई ११ मार्च १८८६ रोजी पदवीधर झाल्या आणि वर्षाच्या आतच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वी क्षयाने गेल्या. ओकामी जपानला परतल्या आणि त्यांनी तेथे काम केले. तिसरीच्या पुढील आयुष्याविषयी मात्र फारच थोडे ठाऊक आहे. एका चौकटीत खांद्याला खांदा लावून बसलेल्या तिघींपैकी एक अशी नजरेआड होते. आमच्या तर सात झाल्या.

दुसऱ्या दिवशी सर्वांना भेडाघाटला नेले होते. दुपारचे जेवण झाल्यावर चौसष्ट योगिनी मंदिराच्या पायऱ्या चढावयाच्या होत्या. पायऱ्या शंभरावर असतील. पांढुर्ण्याकडचा आमचा एक मित्र माझ्याबरोबर होता. शल्यचिकित्सक, स्वतःचे रुग्णालय असलेला, वर्गात असताना सर्वांत मोठ्याने हसणारा. तो निम्म्यावर थांबला. कठड्याला हात टेकून, खालच्या नर्मदेकडे पाहत दोन-तीन मिनिटे उभा राहिला. मी विचारले, “काय रे, दमलास?” तो म्हणाला, “तुमच्या बालाघाटसारखी जंगलातली हवा कुठं आहे आम्हाला? ॲसिडिटी आहे गं. जेवण जास्त झालं.” खिशातून एक गोळी काढून त्याने चघळली, थोड्या वेळाने बरे वाटले आणि आम्ही पुढे चढलो. वीस-पंचवीस पायऱ्यांनंतर तो पुन्हा थांबला. मी त्याच्या पोटाच्या घेराविषयी एक विनोद केला. सगळे हसले, तोही हसला. आमच्या मागून दोन हृदयरोगतज्ज्ञ येत होते आणि तेही हसले.

श्रमाबरोबर येणारी, थांबल्यावर जाणारी छातीतील अस्वस्थता. तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्याने निदान चुकविले तर आपण त्याला वॉर्डातून बाहेर काढू.

आदल्या सायंकाळी त्यानेही दोन मिनिटे बोलून ‘सर्व छान’ म्हटले होते. त्या वर्षीच्या डिसेंबरात पहाटे त्याच्या छातीत कळ आली आणि गाडी नागपूरच्या वाटेवर असतानाच तो गेला. वय पन्नास. तेराव्याला आम्ही चौघे गेलो तेव्हा वहिनींनी सांगितले की त्याला हा त्रास संमेलनाच्याही आधीपासून होता. त्याने स्वतःचा कार्डिओग्राम काढून पाहिला होता, आणि पुढची तपासणी तो टाळत होता. रुग्णालयावर कर्ज होते. नागपूरला तपासणी केली तर गावात कळेल, आणि ज्याचे स्वतःचे हृदय धड नाही त्याच्या हातून कोण शस्त्रक्रिया करून घेईल, असे तो म्हणत असे. वहिनी शांतपणे म्हणाल्या, “तुम्हा लोकांना फोन करा म्हणून मी मागं लागले होते. ते म्हणायचे, सगळे इतके पुढं गेलेत, त्यांना काय सांगू?”

‘सगळे इतके पुढे गेलेत’ हे त्याला कोणी सांगितले? त्या मंचावरून आम्हीच सांगितले होते.

आणि येथे मला माझ्याविषयीही सांगितले पाहिजे, अन्यथा हा लेख दुसऱ्यांच्या नावाने खडे फोडणारा होईल. त्या सायंकाळी मी मंचावरून म्हणाले होते, “मुलगा मेडिकलची तयारी करतो आहे.” ते असत्य होते. माझ्या मुलाने २०१७ आणि २०१८ अशी दोन वर्षे प्रवेशपरीक्षा दिली, दोन्हीदा गुण फारच कमी पडले, आणि त्यानंतर त्याने ‘आई, आता मी पुस्तक उघडणार नाही’ असे स्पष्ट सांगितले होते. संमेलनाच्या वेळी त्याने पुस्तके बांधून ठेवल्याला सहा महिने उलटून गेले होते. त्या काळात तो खोलीबाहेर येत नसे, जेवत नसे, आणि दिवसभर दुसऱ्यांच्या पौगंडावस्थेतील मुलांच्या पालकांना सल्ला देणारी मी रात्री त्याच्या बंद दारापाशी उभी राहत असे. आमच्या वर्गात दोन उत्तम मनोविकारतज्ज्ञ आहेत. दोघेही त्या सभागृहात होते. मी त्यांच्याशी मुलांच्या शिक्षणावर गप्पा मारल्या आणि परत आले.

आपल्या शिक्षणाचा पाया इतिहास विचारण्यावर आहे. बैहर किंवा लांजीकडून आलेली आई ‘बाळ बरं आहे, फक्त थोडं चिडचिड करतं’ असे म्हणते तेव्हा आपण तेवढ्यावर चिठ्ठी लिहीत नाही. दूध किती वेळा, लघवी किती वेळा, झोप कशी, मागच्या महिन्यात वजन किती, हे सगळे विचारतो. एका दिवसाच्या वजनावरून बाळाविषयी फारसे काही कळत नाही, हे बालरोगाच्या पहिल्या धड्यात असते. त्यासाठीच डेव्हिड मॉर्ले यांनी पश्चिम आफ्रिकेतील खेड्यांत काम करताना वाढीचा तक्ता वापरात आणला आणि पुढे तो जगभर, आपल्या अंगणवाड्यांपर्यंतही पोचला. दर महिन्याला एक ठिपका, ठिपक्यांना जोडणारी रेषा, आणि रेषा आडवी झाली की सावध व्हावयाचे. बाळ वरून गुटगुटीत दिसत असले तरीही. वर्गमित्रांच्या बाबतीत मात्र आपण पंचवीस वर्षांतून एकदा वजन करतो, तेही कपड्यांसकट, आणि टाळ्या वाजवतो.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १९३८ साली २६८ विद्यार्थ्यांचा एक अभ्यास सुरू झाला आणि पुढे बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतील मुलेही त्यात आली. या मंडळींना आयुष्यभर पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारले गेले: काम, लग्न, प्रकृती, चिंता. अलीकडे त्याचे संचालक रॉबर्ट वॉल्डिंगर यांनी त्यातील एक निष्कर्ष लोकांपुढे मांडला तो आपल्या धंद्याला चपराक आहे. वयाच्या पन्नाशीत या माणसांचे कोलेस्टेरॉल किती होते, यापेक्षा आपल्या नात्यांत ती किती समाधानी होती यावरून ऐंशीव्या वर्षीच्या त्यांच्या प्रकृतीचा अंदाज अधिक चांगला बांधता आला. मूळ गट केवळ गोऱ्या पुरुषांचा होता, तेव्हा तो आपल्याला जसाच्या तसा लागू करू नये, हे खरे. पण पन्नाशीतल्या किती वर्गमित्रांचे कोलेस्टेरॉल मला तोंडपाठ आहे आणि किती जणांची घरची स्थिती ठाऊक आहे, असे मी स्वतःला विचारले तेव्हा उत्तर काही भूषणावह नव्हते.

डॉक्टर लवकर मरतात असे आपल्या सभांतून वारंवार सांगितले जाते आणि त्यासाठी केरळातील इंडियन मेडिकल असोसिएशनच्या २०१७ सालच्या अभ्यासाचा दाखला देतात. मृत डॉक्टरांचे सरासरी वय ६१.७५, तर सर्वसाधारण मल्याळी माणसाचे आयुर्मान ७४.९, असे ते आकडे. मला ही तुलना मान्य नाही. जे डॉक्टर जिवंत आहेत त्यांची वये त्या सरासरीत येतच नाहीत. मृतांच्या वयाची सरासरी आणि आयुर्मान या निराळ्या गोष्टी आहेत. तरीही त्या अभ्यासातील एक बाब दुर्लक्षिण्यासारखी नाही. त्या मृत्यूंपैकी चतुर्थांशाहून अधिक हृदयविकाराने झालेले होते. म्हणजे ज्या रोगाची पूर्वसूचना ओळखण्यात आपण तरबेज असतो, त्यानेच. रोग ओळखता न येणे ही आपली अडचण नव्हे. तो आपल्याला झाला आहे हे कोणाला तरी सांगणे ही आहे.

सांगणारे आपल्यातच झाले आहेत. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी डॉ. अभय बंग यांना वयाच्या चव्वेचाळीसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. गडचिरोलीतील नवजात बालकांवरील त्यांचे आणि डॉ. राणी बंग यांचे काम आम्हां बालरोगतज्ज्ञांना गुरुस्थानी आहे. १९९९ साली लॅन्सेटमध्ये आलेला त्यांचा घरोघरच्या नवजात शिशुसेवेचा निबंध वाचल्यावर माझी स्वतःची काम करण्याची पद्धत बदलली. परंतु सामान्य मराठी वाचकांत त्यांचे नाव घरोघरी पोचले ते ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकाने, ज्यात त्यांनी आपल्या चुका, आपला ताण, आपली भीती उघड लिहिली. त्याने त्यांची प्रतिष्ठा कमी झाली का? माझ्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या आजोबांच्या पिशवीत मी ते पुस्तक पाहिले आहे.

दुसरे उदाहरण आहे १९७४ साली सुरू झालेल्या मेडिको फ्रेंड सर्कलचे. देशभरातील काही तरुण डॉक्टर एकत्र आले आणि पत्रिका काढू लागले. सेवाग्रामला त्यांच्या बैठका होत. तेथे आपल्या यशाचे पाढे वाचण्यापेक्षा आपल्या कामाविषयीच्या शंका मांडण्याची रीत होती. अमुक औषध आपण का देतो, खेड्यातला प्रयोग का फसला, आपण चुकलो कोठे. त्यांची राजकीय मते सर्वांना पटावीत असे नाही. मलाही सगळी पटत नाहीत. परंतु मित्रमंडळ म्हणून ती जात वेगळी होती.

नागपूरच्याच डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे यांचे हेमलकसा, किंवा डॉ. रवींद्र कोल्हे यांचे मेळघाटातील बैरागड, ही नावेही आपल्या समारंभांत आदराने घेतली जातात, आणि ती घ्यावीतच. पण ती घेताना आपण त्यांचाही एक मंच करून टाकतो. लहान गावात तीस वर्षे नेमाने दवाखाना चालविणाऱ्याला मग आपण परदेशी गेलेल्यांच्या तुलनेत तर कमी वाटतोच, त्यागी माणसांच्या तुलनेतही कमी वाटतो. दोन्ही बाजूंनी त्याच्याकडे बातमी नाही.

माझ्या मताला विरोध करणारे मित्र आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. एक जण मला म्हणाले, “बाई, तुमचे ठीक आहे. पण आपले गाव केवढे? सकाळी गोंदियाच्या गाडीत बसलेला माणूस आपले आजारपण संध्याकाळपर्यंत दोन जिल्ह्यांत पोचवतो.” हे अगदी खरे आहे. डॉक्टर आजारी आहे असे कळले की रुग्ण दुसरीकडे जातात. घरात मानसिक आजार आहे असे कळले की मुलींची लग्ने अडतात. भागीदार आणि बँक दोघेही सावध होतात. माझ्या दिवंगत मित्राची भीती काल्पनिक नव्हती. तेव्हा प्रत्येकाने मंचावर जाऊन आपली दुःखे उघडावीत असे मी मुळीच म्हणत नाही. ते पाहणेही मला सहन होणार नाही. माझे म्हणणे एवढेच की गाव आणि वर्ग यांत फरक आहे. वर्गमित्र आपला प्रतिस्पर्धी नसतो, बहुधा दुसऱ्या गावात असतो, आपल्या व्यवसायाची भाषा जाणतो, आणि आपण फाटकी चप्पल घालून फिरत होतो तेव्हापासून आपल्याला ओळखतो. गुपित ठेवून उपाय सांगू शकेल असा याहून योग्य माणूस कोणता? त्यालाच आपण गावाला द्यावयाची बातमी देतो, हे मला चुकीचे वाटते.

२०२१ च्या एप्रिलमध्ये हे काही आठवडे बदलले होते. दुसऱ्या लाटेत रात्री दोन वाजता आमच्या वर्गातील मंडळी एकमेकांना लिहीत होती. जबलपूरला आईसाठी खाट हवी आहे. माझ्या रुग्णालयात चार तासांचा प्राणवायू उरला आहे. माझा स्वतःचा स्कोअर पंधरा आला आहे, काय करू? आणि एकाने, जो वर्गात सर्वांत हुशार होता आणि मंचावर सर्वांत लांब बोलला होता, केवळ एवढेच लिहिले: मला भीती वाटते आहे. पाच मिनिटांत नऊ जणांनी त्याला फोन केले. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नोंदीप्रमाणे पहिल्या लाटेतच ७४८ डॉक्टर दगावले होते, तेव्हा ती भीती निराधार नव्हती. त्या दिवसांत कोणी कोणाच्या खाटा मोजल्या नाहीत. मी त्याच काळात एका मनोविकारतज्ज्ञ मित्राला मुलाविषयी सांगितले. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, “माझ्या मुलीचेही असेच झाले होते. २०१९ ला तू का नाही बोललीस?” मी म्हटले, “तू तरी कोठे बोललास?” पावसाळा आला, लाट ओसरली, आणि पदवीदानाची छायाचित्रे पुन्हा येऊ लागली.

आमच्या तुकडीत आता मी काही गोष्टी सुचविल्या आहेत. काही मान्य झाल्या, काहींवर हसे झाले. परिचयाचा मंच बंद करून त्याऐवजी मूळ हजेरीपटाच्या क्रमाने, मुलींची माहेरची नावे घेऊन, हजेरी व्हावी ही सूचना सर्वांना आवडली. जो ‘हजर’ म्हणणार नाही त्याला दोघांनी आठवड्याभरात फोन करावा, हे ठरले. प्रत्यक्षात ते अर्धेच झाले. चाळिशीनंतर प्रत्येकाने आपली तपासणी दुसऱ्या गावातील वर्गमित्राकडे करून घ्यावी आणि अहवाल तेथेच ठेवावा, हे मात्र अद्याप कोणी मनावर घेतलेले नाही. मी स्वतः गेल्या दोन वर्षांपासून जबलपूरच्या मैत्रिणीकडे जाते. माझा रक्तदाब तिला ठाऊक आहे, तिचा मला. गोळ्या चुकविल्या की ती ओरडते. सात हरवलेल्यांपैकी तिघी सापडल्या. एकीने फोनवर स्वतःचे जुने नाव ऐकले तेव्हा बराच वेळ ती काही बोलेना, मग म्हणाली, “या नावाने मला कोणी हाक मारून तीस वर्षे झाली.” तिने काय काय सोसले ते तिने सांगितले. ते येथे लिहिण्याचे कारण नाही.

आपल्या स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदाही कुटुंबवार्तेसाठी छापील कागद पाठविला. पाल्याचे नाव, शिक्षण, पद, ठिकाण असे चार रकाने आहेत. गेली कित्येक वर्षे मी तो कोरा ठेवून जाहिरातीच्या पैशांबरोबर परत करीत असे. या वेळी मुलालाच विचारले, “तुझ्याविषयी काय लिहू?” तो दुकान बंद करून नुकताच आला होता. हात धूत म्हणाला, “आहे ते लिही.” त्याप्रमाणे मी लिहून दिले आहे. शिक्षण: बारावी. पद: बी-बियाणांचे दुकान, स्वतःचे. ठिकाण: वारासिवनी. रकान्याखाली थोडी जागा उरली होती, तेथे लिहिले की यंदा रोपांवर करपा पडला तेव्हा शेतकरी त्याला रात्री फोन करीत होते, आणि तो उचलत होता.